तरोटा

साकोलीहून सकाळची एसटी धरली.
पिशवीत रद्दीच्या घड्या, कात्री, दोरा,
आणि सरांनी दिलेला तक्ता:
नमुना क्रमांक, जागा, वेळ, उपयोग.

दुर्पताबाई कुंभरे धानाच्या बांधावर वाकलेली.
"येवढ्या दुरून तरोट्यासाठी?
त्याले तं ढोरंई तोंड लावत नाही वो बाई."

खरंच आहे. शाळेच्या कुंपणाला, खताच्या खड्ड्याशी,
बंद पडलेल्या हातपंपाभोवती
न पेरता उगवलेला, बिनबोलावलेला.
आमच्या डब्यात तो असला
की मी झाकण अर्धंच उघडायचे.
त्या वासाला शब्द मला अजून सापडलेला नाही.
तक्त्यात 'उग्र' लिहिलं, मग खोडलं.

ती नखानं फक्त शेंडा खुडते.
"फूल धरलं का चिवट होते मंग.
पयलं पानी फेकाचं, कडूपना त्याच्यात जाते.
चन्याची डाळ, लसून, लाल मिरची,
अन् जवसाचं तेल असन तं काय पाह्यता."
उपयोगाच्या रकान्यात एवढं मावेना.
कागद उलटा केला:
बी ताकात वाटून गजकर्णावर.
भाजून, कुटून, चहापत्ती सरली की.
दिवाळीनंतर व्यापाऱ्याला, किलोनं.
"थो काय करते त्याचं, मले नाई मालूम."

पानं सावलीत वाळवली, चाळली,
भट्टीत त्यांची राख केली, चिमूटभर.
यंत्रानं आकडा दिला. लोह.
दशांशचिन्हानंतर दोन अंक.
त्याच आठवड्यात माझंही रक्त तपासलं होतं;
तिथंही दशांश होता,
खाली लाल शाईची रेघ.

आकडा घेऊन परत गेले.
"शंभर ग्रॅममधी," मी म्हटलं.
"मुठीत सांग."
मी गप्प.
"कोनाच्या मुठीत? मायी का तुयी?"
तिनं माझा हात धरला, उघडला,
आपल्या हाताशेजारी ठेवला.
तिची बोटं चिकानं काळी-हिरवी.
माझी नखं तिनं एकेक दाबून पाहिली
आणि बोलली नाही काही.

शेवटची गाडी निघून गेली होती.
उगाच हातपंपाकडे वळले, वाटलं,
निदान एक नमुना घ्यावा.
पानं मिटलेली, जोडीजोडीनं,
जणू कुणी पुस्तकं बंद करून ठेवली.
"आता नोको तोडू," मागून आवाज आला,
"निजला थो. तूई राह्य.
भात जादाचा टाकतो मी."

चुलीच्या उजेडात तक्ता काढला.
वेळ: हा रकाना रिकामाच होता.
लिहिलं,
सकाळी. तो उठल्यावर.