बागमांडला ते वेश्वी

पाठकोऱ्या वीजबिलावर
ताम्हिणी, माणगाव, म्हसळा,
तास मांडले, चहाचे थांबे धरून.
पुढे खाडी. तिथे पेन अडलं.

जेट्टीवर फोन लावला:
गाडीचे किती, माणशी किती,
रविवारी रांग लागते का?
"या हो, घेऊन जातो," एवढंच म्हणाला.
त्याच्यामागचं इंजिन धडधडत राहिलं
धनकवडीतल्या आमच्या ओट्यापाशी.

शकूआत्याचं एकच:
मी गाडीतून उतरायची नाही.
बरं. हँडब्रेक ओढू, काचा लावू,
पंधरा मिनिटांचा तर प्रश्न.

मग रात्री, गोळ्या घेताना,
पेल्यातल्या पाण्याकडे बघत:
समुद्र कुठल्या अंगाला येतो रे?

बिलावर लिहून ठेवलं:
आत्या मागे, उजवी खिडकी. काच उघडी.

बिलाची तारीख कालच उलटली.