मोजणी

खोक्यात एकशे त्र्याण्णव भाग होते,
करडे, प्लास्टिकचे, खोडालाच लगडलेल्या बिमलांसारखे.
तेवढे पुरे होते, असं शालन म्हणते.
नव्हते.
सीट वेगळी मागवली, रेझिनची,
पट्ट्यांच्या चुण्यांसकट ओतलेली.
चाकं मागवली, वजनानं तळाशी जराशी बसलेली.
नाकावरची नळी, कातलेल्या पितळेची,
आणि आगपेटीएवढा एक पितळी पत्रा,
कॉकपिटमधल्या कळा, खटके, कड्या
मुंगीच्या दागिन्यांसारख्या कोरलेला.
पोस्टमन बस्त्यांव सही घेताना म्हणाला,
"काका, इमान सहा हजाराचा आणि वयला सामान नऊ हजाराचा?"
म्हटलं, बाबा, खऱ्यातही असंच असतं.

वेंगुर्ल्यात आमच्या घरापासून दाभोली नाका दहा मिनिटांवर.
माझी नोकरी झाली ती त्या दुसऱ्या दाभोळीत, गोव्याच्या,
सी हॅरियरच्या पोटाखाली, एकोणीस वर्षं.
खारं वारं धातूला कुठून खायला लागतं
हे मला पुस्तकातून कळायला नको.
गंजाचा रंग म्हणे बाटलीत मिळतो.
मी शिरोड्याचं जाडं मीठ घेतो,
पंखाच्या मुळाशी, नॉझलांच्या मागं
ओल्या बोटानं चिकटवतो, वरून रंग फवारतो,
वाळला की नखानं खरवडतो.
समुद्राचं काम समुद्राकडूनच करून घ्यावं.

मंगळवारी दुपारी थ्रॉटलशेजारची कळ,
दोन मिलिमीटर,
रेवणकर सोनारांच्या नथीच्या चिमट्यातून उडाली.
टिक् असं वाजलं. किंवा वाजलं नाही.
मी पंखा बंद केला.
शालनला म्हटलं, हलू नको, झाडू घेऊ नको,
कुणाला आत घेऊ नको.
ती उंबऱ्यात तशीच, हातात कुळथाच्या पिठीचा डबा.
"कोणाक दिसतला ता? वरसून काच बसतली मा?"

खरं आहे. काच बसली की संपलं.

पण हँगरच्या भिंतीवर एक फळा असायचा,
प्रत्येक पान्याची, पेचकसाची काळी सावली रंगवलेला.
पाळी संपली की मोजणी.
एक सावली रिकामी, तर एकही विमान उडायचं नाही.
हत्यारांचं तसं, सुट्या भागांचंही तसंच, वहीत.

एकदा एक वॉशर कमी आला.
फरशीवर शोधला, बुटात, खिशात, पुन्हा फरशीवर.
मग वहीत 'पूर्ण' लिहिलं.
साहेब घाईत होते. मी बावीस वर्षांचा होतो.
विमान उडालं.
चाळीस मिनिटं मी आभाळाकडं बघितलं नाही,
ट्यूबलाइटमागच्या पालीकडं बघत राहिलो.
तिनं तेवढ्यात दोन किडे खाल्ले.
ते उतरलं.
पायलट शिडीवरून खाली आला, चहा मागितला,
साखर कमी आहे म्हणाला.
वॉशर सापडला नाही.
हे शालनला ठाऊक नाही. कुणालाच नाही.

रात्री नऊला टॉर्च फरशीला आडवा लावून
मी कपाटाखाली गालावर पडलो होतो,
तेव्हा ती म्हणाली, "माज्या पायाक कायतरी टोचता."
तिचा पाय मांडीवर घेतला.
टाचेच्या भेगेत पितळ चमकत होतं.
काटा काढावा तशी काढली.
सहा तास ती जिथं जाईल तिथं
माझं विमान थोडंथोडं घेऊन फिरत होती.

कळ बसली. सीट बसली. मीठ झडलं.
पोटाचे दोन अर्ध चिकटवायच्या आधी,
शालन आंघोळीला गेलेली बघून,
मी डब्यातला एक वॉशर आत सोडला.

आता ते टीव्हीशेजारी असतं.
धूळ पुसताना शालन उचलते, कानाशी हलवते.
"भितुर कायतरी वाजता हो. सुटला काय?"
नाही म्हणतो मी.
ते मोजलेलं आहे.