खुंटीवरचा कोट

अकरा वर्षांच्या संसारानंतर
मोद्रिसने सांगितलं, दिवा मालवल्यावर,
माझ्याकडे पाठ करून.
मला वाटलं, दुसरी बाई. मग वाटलं, कर्ज.
तर म्हणाला: रबर.
काळा रबरी रेनकोट, गुडघ्याच्या खालपर्यंत,
त्याचा वास, त्याची करकर,
आणि त्याच्या आत तू.

मी हसले नाही.
एवढं पुण्य माझ्या खात्यावर जमा असू द्या.
नुसती मोजत राहिले,
किती रात्री त्यानं डोळे मिटून
मला तो कोट चढवला असेल,
आणि मी आपली कुडकुडत उघडी.

डॉक्टर ऑस्मांच्या खोलीत
एक सुकलेलं जेरेनियम.
कधीपासून? त्यांनी विचारलं.
बंदरात नोकरीला लागलो त्या वर्षी, तो म्हणाला,
तेवीस वर्षांचा होतो, वादळात क्रेनखाली अडकलो,
कुणीतरी ओढून आपल्या कोटात घेतलं.
चेहरा आठवत नाही.
बाई होती की बाप्या, तेही नाही.
किंवा हे सगळं मीच मागाहून रचलंय,
लोकांना कारण लागतं म्हणून.

डॉक्टर म्हणाल्या,
मनात भीती आणि इच्छा भिंतीला भिंत लावून राहतात.
कधी इकडची ओल तिकडे उतरते.
असं एक मत आहे.
बाकीची मतं सांगेपर्यंत वेळ संपली.

परतताना ट्राममध्ये
मी त्याच्या मानेकडे बघत बसले.
कानामागचा तो खळगा,
जिथे न्हावी दर वेळी चार केस विसरतो.
तो दिसला की आजही
माझ्या हातातली पिशवी जड होते.
मला कुणी विचारलं नाही, कधीपासून.
माझ्या खळग्यासाठी कुणी खुर्ची मांडली नाही.

शनिवारी जाळी-गळ विकणाऱ्या दुकानातून
बत्तीस युरोंना कोट आणला.
मोठा होतोय, विक्रेती म्हणाली.
आत स्वेटर घालीन, म्हटलं.
कान तापले. जरा मजाही आली,
हेही लिहून ठेवते.

पहिल्या रात्री काहीच झालं नाही.
मी उभी, बसची वाट बघत असल्यासारखी.
तो जमिनीकडे बघत म्हणाला, काढ,
तू पाहुणी दिसतेस.

मग खालचा म्हातारा एर्विन्स
तुंबलेलं गटार काढायला कोट उसना घेऊन गेला.
दिवसभर लिएपायाच्या भुरभुर पावसात अंगणात फिरला,
आत-बाहेर करत, शिव्या देत, कोटाची करकर करत.
मोद्रिस खिडकीतून बघत होता.
'काहीच नाही,' म्हणाला, 'अगदी काही म्हणजे काही नाही,'
आणि आम्ही दोघं महिन्यात पहिल्यांदा
पोट धरून हसलो.

तंबाखूचा वास जायला
व्हिनेगरचं पाणी तीनदा बदलावं लागलं.

आता कधी मी घालते, कधी नाही.
घालते तेव्हा बटणं तोच लावतो, खालून वर.
हात थरथरतात. एक बटण हटकून चुकतं.
मग सगळी काढून
पहिल्यापासून.