डावा हात भिंतीवर

ठाकुरद्वारला केळुसकरांच्या छापखान्यात
दिवसभर लग्नपत्रिका जुळत.
साडेसातला मालक शटर अर्धं ओढून जात,
आणि मघापर्यंत जिथे चि. आणि चि. सौ. कां. होते
त्याच पडद्यावर
झुलेखा मुकादम तळघर उघडायची.
तीन फ्लॉप्या. चौथी लॅमिंग्टन रोडवाला
देतो, देतो म्हणत होता.

खेळ आधी नाव विचारायचा.
इंग्रजी आठ अक्षरं, नववं घेत नसे.
मी मंदाकिनी. शेवटची वेलांटी बाहेर राहिली,
मंदाकिन आत गेला.

मग काळ्यावर हिरवी ओळ.
झुलेखा ती मराठीत सांगायची,
माझं इंग्रजी पत्रिकेपुरतं.
"तू जागा होतोस. अंधार. भिंत ओली आहे."
थांबली. माझ्याकडे बघितलं.
"जागी होतेस. इंग्रजीला काय, सगळे सारखेच."
नावातली वेलांटी अशी परत आली
आणि कोठडीत मी होते.

अंग नव्हतं मला.
उजव्या कोपऱ्यात मुठीपुरता हात,
हातात तलवार, नाहीतर मशाल.
त्या अख्ख्या राज्यात आरसा नव्हता.
सोळाव्या वर्षी याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं:
कोणाला न दिसता चालणं,
एक बटण, एक पाऊल,
वळायचं ते काटकोनातच.

नकाशा मी काढायची, आलेखाच्या कागदावर.
एक चौकोन, एक पाऊल.
पेन्सिलीने, कारण भिंती खोट्या निघतात.
झुलेखाचा नियम एकच:
"डावा हात भिंतीवरना काढू नको, बाय.
भिंत जाते तिथे दार असतेच."

पहिल्या मजल्यावर उंदीर मारायचे.
का, ते कोणी सांगत नाही,
मोठ्या कामाला निघालेल्याने आधी उंदीर मारायचे असतात.
(मीही पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावत होते,
हजाराला वीस रुपये.)
खानावळवाला म्हणे, उत्तरेकडून वाईट बातम्या येतायत.
शंभरदा विचारा, तेच. आम्ही हसायचो.
सकाळी केळुसकर
"कागद महागला, मुलींनो," म्हणत आत येत,
तेव्हा एकमेकींकडे बघायचं नाही असं ठरलेलं.

राजाची मुलगी सगळ्यात खाली कोंडलेली.
आज अमावस्या, आजच बळी.
झुलेखाने मला बारा दिवस झोपवून बघितलं,
जखमा भरायला.
राक्षस बसून होता, सुरी वर धरून.
आपण पोचेपर्यंत त्या जगात
काही म्हणून घडत नाही.

ठाकुरद्वारला घडलं.
दिवाळीआधीच्या शनिवारी मशीन नव्हतं,
टेबलावरच्या धुळीत त्याचा चौकोन तेवढा.
सातव्यातून खाली उतरणाऱ्या जिन्यावर मी उभी,
मशालीची दहा पावलं उरलेली.

झुलेखाला वाशीला बँकेत नोकरी लागली.
जायच्या दिवशी तिने चौथी फ्लॉपी दिली.
"दिली बघ त्याने. आत्ता!"
ती आहे अजून, नकाशाच्या घडीत.
आठव्या मजल्याच्या कागदावर एक जिना, वरून आलेला.
बाकी कोरा.

परवा त्या बाजूला काम होतं.
छापखान्याच्या जागी निळे पत्रे,
आत खोल खणतायत, आवाज पायाखालून येतो.
कशाला कोण जाणे, डावा हात पत्र्याला लावला
आणि चालत राहिले.
काटकोन. पुन्हा काटकोन.
बोटांना गंज, लोकांच्या नजरा.
मागच्या अंगाला एक पत्रा सरकवून दार केलेलं,
स्टुलावर वॉचमन.

"कोण पाहिजे?"
सांगता येईना.
त्याने वही पुढे केली, दोरीला बांधलेलं पेन.
"नाव लिहा."

रकाना चांगला लांब होता.