मार्फत, फ्लीट मेल ऑफिस

कणकुंबीच्या पोस्टात मी एकटाच.
मास्तर मी, पोस्टमन मी, झाडूही माझाच.
पाटी कन्नडात, शिक्का हिंदी-इंग्रजीत,
आणि यल्लूबाई घाडीला
यातलं काहीच वाचता येत नव्हतं.

भरमू तिचा. माझ्याच बाकावरचा.
पाचवी झाल्यावर पत्र्याची पेटी घेऊन
बेळगावच्या मिलिटरी शाळेत गेला,
तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं.
इथं कुणाला येतं?
आमची मलप्रभा उगमाशी गुडघाभर,
तीही दोन तासांवरच्या समुद्राकडं पाठ करून
उगवतीला चालू लागते.

त्याची बढती मला पाकिटावर कळायची.
सब लेफ्टनंट. लेफ्टनंट कमांडर. कमांडर.
पत्ता मात्र तोच, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई,
मग काही वर्षं विशाखापट्टणम.
जहाज कुठं आहे ते सरकार लिहू देत नाही.
यल्लूबाई विचारायची, "आता कुठल्या गावात हाय?"
मी कॅलेंडरकडं बघून सांगायचो, "वाटेत."

मनीऑर्डरीला ती अंगठा द्यायची.
शाई लुगड्याला पुसायची नाही,
घर येईपर्यंत बोट वर धरून चालायची.

कॅप्टन झाला त्या वर्षी एक पत्र आलं,
दोन पानं, पाठपोट.
इंजिन रूमला आग. आत चार माणसं.
दार बंद करायचा हुकूम माझा होता, आई.
नाहीतर जहाज गेलं असतं, असं सगळे म्हणतात.
चौघांची नावं होती, गावांसकट.
शेवटचा नंदगडचा, एकोणीस वर्षांचा.
माझं बोलणं ऐकून हसला होता एकदा,
"साहेब, जांबोटीकडचे काय?"

मी मोठ्यानं वाचलं,
"आई, मी खुशाल आहे. भात कसं आहे?
गाय व्याली का?"

"एवढ्या कागदावर एवढंच?"

"अक्षर मोठं आहे त्याचं."

ती उठली. दारात थांबली.
"लिही त्याला. जेवत जा म्हणावं."

नंदगडच्या घरात कोण वाचून दाखवत असेल,
हे मला रात्री सुचलं.

चौकशी झाली, ठपका आला नाही.
तीन वर्षं पाकिटावर कॅप्टनच. मग कमोडोर.
रिअर ॲडमिरल झाला तेव्हा खानापुरात फ्लेक्स लागला,
कुठली भाषा वर यावरून भांडण झालं
आणि रातोरात उतरलाही.
यल्लूबाई तोवर गेली होती.

परवा आला.
पायजमा, मफलर, हातात पेन्शनचा कागद.
हयातीचा दाखला पाहिजे म्हणाला.
यंत्रावर अंगठा ठेवला. लागेना.
मफलरला पुसून पुन्हा ठेवला. लागेना.

"ते पत्र," यंत्राकडंच बघत म्हणाला, "वाचलं होतंस?"

"होय की."

"सगळं?"

"मी सगळं वाचलं. तिला नाही."

चोर्ल्याकडची बस आली, थांबली, गेली.

"तिचं उत्तर अजून आहे माझ्याजवळ," तो म्हणाला.
"जेवत जा. एवढंच.
मला वाटलं, सगळं ऐकून
तिनं एवढंच म्हटलं."

मला सांगता आलं असतं
की दारात ती बराच वेळ उभी होती,
की कागदाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.
खरं होतं ते.
पण आता माझ्या तोंडून ते खरं वाटलं असतं का?

यंत्राचा लाल दिवा लुकलुकत होता.
मी म्हटलं, "दुसरं बोट दे."