टेकू, अंक पाचवा

दिवसा मी नंबरप्लेटी रंगवतो, रोड नंबर सोळा, वागळे इस्टेट.
रात्री शर्वरी धनावडेचे फुगे भरतो,
म्हणजे बोलण्याचे. ती चित्रं काढते,
तोंडं उघडी ठेवते,
आत काय म्हणायचं ते माझ्यावर सोडते.

तिच्या नायकाचं नाव टेकू.
त्याला उडता येत नाही.
उडाला तर काहीतरी पडेल.
छातीवर चिन्हबिन्ह नाही, बनियनला चुना,
पाठीवर बदकांची चादर, एक कोपरा इस्त्रीने जळका.
साडेबारानंतर तो परक्या घरांत शिरतो,
झोपलेल्यांच्या मधे उभा राहतो
हात वर करून.
दूधवाला आला की निघतो.
एवढंच करतो.

"खलनायक कुठाय?" तलावपाळीच्या बाकावर
अंक चाळत एका पोराने विचारलं,
आणि वीस रुपये परत मागितले.
आहे रे खलनायक. तिसरी शिट्टी.

किसननगरात, ती आठ वर्षांची असताना,
कुकरच्या दोन झाल्या होत्या.
मग चार मजले खाली बसले, उंट बसतो तसे,
आधी पुढचे पाय.
तिसरी अजून यायची आहे.
दुसऱ्या अंकात ती बाईच्या वेषात येते,
कानात डूल, तोंड वाफेचं,
कडी वाजवते, म्हणते, वरण झालं का बघा.
टेकू दार उघडत नाही. कसं उघडेल,
दोन्ही हात वर आहेत त्याचे.

तिसऱ्या अंकात तो शर्वरीच्या झोपेत उतरतो.
जिना उपवनच्या तळ्यातून खाली जातो,
कठड्यावर शाळेचे मोजे वाळत घातलेले, पाण्यातच.
खाली ढिगाऱ्यात पंखा अजून फिरतोय,
तीनवर.
अमेय, धाकटा, पाइपावर चमचा वाजवतोय.
ठक. ठकठक. ठक.
मी ते आवाज काढले जाड, चौकोनी,
ट्रकच्या पाठीवर काढतो तसे.
ती म्हणाली, बारीक काढ.
अजून बारीक.
पान संपेपर्यंत
मला भिंग लागलं.

शेजारच्या काकू म्हणतात, या पोरीला ठाण्याला न्या.
ती म्हणते, काकू, ठाण्यातच तर आहे,
आता अजून कुठे नेणार?
काकूंच्या छताला दोन भेगा आहेत.
टेकू तिथेही जातो. त्यांना सांगितलेलं नाही.

चौथा अंक काळा. सोळाच्या सोळा पानं.
छापखान्याने शाईचे जास्तीचे लावले.

पाचव्यात टेकू बसतो.
पहिल्यांदाच. गुडघे दुमडून, तळहात मांडीवर,
वर स्लॅब होती तशीच,
आणि एक फुगा,
ज्याची शेपटी कुणाच्याच तोंडाकडे जात नाही.
काय लिहू? म्हटलं.
ऐकू येईल ते.

धडाम मला येतं. खळ्ळ येतं, चर्र, कडाड, भस्स.
काही न पडल्याचा आवाज
कुठल्या बाराखडीत असतो?
तीन रात्री ब्रश पाण्यात राहिला,
त्याचे केस वाकडे झाले.

आमचा कागद उरलेला, पाठकोरा,
पलीकडे खोकल्याच्या औषधाची पत्रकं.
चौथ्या रात्री ट्यूबलाइटपुढे धरला
तर फुग्यात अक्षरं आली, मागच्या बाजूने, उलटी.
उलटं वाचायला मला वेळ लागत नाही,
काचेवरचे स्टिकर मी उलटेच कापतो.

लहान मुलांपासून दूर ठेवा.

शर्वरी बराच वेळ बघत राहिली.
नखाने टेकूच्या गुडघ्यावरचा रबराचा भुगा काढला.
मग म्हणाली,
'दू' दीर्घ आहे ना? नीट बघ.
आहे, म्हटलं.

सकाळी एका टेम्पोची प्लेट होती, एमएच शून्य चार.
अजून ओली होती,
आणि मालक घाई करत होता.