सतरा की बावीस

उद्यमबागेत नवा बोर्ड आलाय.
राळेचा वास अजून गेला नाही त्याचा.
जुन्यासारखाच दिसतो, दात तेवढे वेगळे:
धागा तुटल्याची खबर सतराव्या पिनवर यायची,
आता बाविसाव्या.
ड्रायव्हरच्या तक्त्यात दोनच ओळी बदलल्या मी.
त्या दोन ओळींनी अख्खी सकाळ खाल्ली.

शिवलीला मीटरची काडी टेकवत
आकडे सांगते: हदिनेळु.
मी सतरा लिहिते.
इप्पत्तेरडु.
मी बावीस.
तिच्या तोंडी वीस आधी, दोन मागून,
माझ्या तोंडी दोन पुढे धावतात.
कागदावर मात्र दोघींचे सारखेच पडतात.

टेबलावर बटण दाबलं. दिवा लागला.
चाळीसदा दाबलं, चाळीसदा लागला.
वहीत लिहिलं: पास.
शिवलीला म्हणाली, वडगावला जाऊन तरी बघू.

स्कूटीवर तिच्या मांडीवर बोर्ड,
टॉवेलात, तान्ह्यासारखा.
सातेरी बिर्जेंच्या मागावर तेव्हा
मोरपंखी साडी, पाऊण विणून झालेली.
बोर्ड बसवला. माग सुरू.
कात्रीच्या टोकानं त्यांनी एक धागा तोडला.

खटक खटक खटक.
"थांबंना की गं हा!"
थांबलाच नाही.
कांडी संपल्याचा दिवा लागला, भलताच,
आणि साडीत चार बोटं चीर.

मी भिंतीला टेकून बसले, वही उघडी.
कनेक्टर एकापासून मोजतो,
चिप शून्यापासून.
चिपला लागते ते बावीस नाही, एकवीस.
मग टेबलावर चाळीसदा कसा लागला?
तिथली वायर मीच लावली होती,
माझ्याच तक्त्याकडे बघून.
चुकीनं चुकीला विचारलं, बरोबर ना?
चूक म्हणाली, अगदी बरोबर.

बाविसाचे एकवीस केले.
पुन्हा कात्री.
माग जागच्या जागी थांबला,
धोटा अर्ध्या वाटेत.
शेजारच्या घरांतले माग चालूच होते,
त्यामुळे ही शांतता आम्हा तिघांनाच ऐकू आली.
"आता ऐकलंन बघ," सातेरीकाका म्हणाले,
आणि चिरेकडे बघत राहिले जरा वेळ.
पैशाचं त्यांनी काढलं नाही.
मीच काढलं.

परतताना तिसऱ्या रेल्वे गेटपाशी
गाडी जाईपर्यंत थांबलो.
वहीतलं "पास" मी खोडलं, खाली लिहिलं:
पुढच्या वेळी वायर शिवलीला लावेल,
तक्ता न बघता,
तिच्या आकड्यांनी.